पिवळी बाईची, पांढरी डॉक्टरची

दारावर कडुलिंबाचा डहाळा दिसला आणि मी पायरीशीच थांबले. निपाणीतल्या आमच्या घराच्या दारावर लिंब टांगलाय म्हणजे आत कुणाला तरी कांजिण्या आल्यात, हे वेगळं सांगावं लागत नाही. कुणी सांगतही नाही. कांजिण्या म्हणजे देवी, बाई, अंगात आली; ती घरात असताना रोगाचं नाव घ्यायचं नाही, भाजीला फोडणी द्यायची नाही आणि घरातल्या कुणीच औषध घ्यायचं नाही, हा आईचा कायदा.

आणि त्याच घरात माझा धाकटा भाऊ रघुवीर राहतो. ब्याऐंशी साली वेल्लोरला त्याच्या पोटात माझी एक किडनी बसवली, त्याला आता दोन वर्षं होत आली. अंगाला ती परकीच. अंगानं तिला हाकलून देऊ नये म्हणून त्यानं जन्मभर रोज दोन गोळ्या घ्यायच्या, एक पिवळी, एक पांढरी. पण या गोळ्या किडनी सांभाळतात आणि रोगाशी लढायची ताकद खातात. साधं गळू झालं तरी ते त्याला महिनाभर लोळवतं. वर गोळ्यांनी तोंड गोल गरगरीत होतं, तर बाजारातले लोक म्हणतात, रघूअण्णा, तब्येत सुधारली की. कांजिण्यांच्या माणसाजवळ याला फिरकू देऊ नका, असं वेल्लोरच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं. ते मी आईच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

गोळ्या निपाणीत मिळत नाहीत. मी बेळगावात शाळेत शिकवते, तिथून दर महिन्याला घेऊन येते. त्या दिवशीही तेवढ्यासाठीच आले होते.

भावजय लतिका दारातच उभी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"वन्सं, चपला भाईरच काढा."

"कुणाला आल्यात?"

"आधी पोरीला. तिच्या उतरल्या." ती खाली बघायला लागली. "आता ह्यांना."

"आणि गोळ्या?"

तिनं देव्हाऱ्याकडे बघितलं. बाईच्या टाकापुढे, हळदकुंकवाच्या ताटात, गोळ्यांच्या दोन्ही बाटल्या ठेवलेल्या होत्या. मागच्या महिन्यात मी आणलेल्या, अजून अर्ध्याअधिक भरलेल्या.

रघुवीर आतल्या खोलीत पडला होता. तोंडभर, छातीभर फोड, काहींत रक्त उतरलेलं. त्यानं डोळे उघडले, मला बघितलं आणि परत मिटून घेतले. सकाळपासून उलट्या होत होत्या. लघवीचं विचारलं तर लतिका म्हणाली, "कालपास्नं लई कमी हाय."

मी आईवर कडाडले. मास्तरणीचा आवाज आहे माझा, गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. लेकाला मारायला निघालीस का, असंही बोलून गेले.

आई शांतपणे म्हणाली, "तुझ्या थोरल्या भावाला बाई आल्यावर मी वैद्याचं औषध दिलं. सकाळी दिलं, दिवेलागणीला माझ्या मांडीवर गेला. तू पाळण्यात व्हतीस. तुला काय म्हाईत?"

बाटल्या उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मलाही कळेना. गोळ्या द्याव्यात तर फोड बळावणार, न द्याव्यात तर किडनी जाणार. मी तशीच पोस्टाकडे सुटले.

वेल्लोरचा ट्रंक कॉल लागता लागेना. पलीकडची ऑपरेटर दर वेळी कानडीत "स्वल्प तडीरी", जरा थांबा, म्हणायची, मी थांबायची. बाकावर बसवेना, उभं राहवेना. तिकडं तो घोटभर पाणी तरी पोटात ठेवतोय का, याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं. शेवटी डॉक्टर फोनवर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पांढरी गोळी आत्ताच्या आत्ता द्या," ते इंग्रजीत म्हणाले. "ती एकदम थांबली की माणूस कोसळतो. उलट्या त्यामुळंही असतील. मग बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं मी बोलतो. पिवळी मात्र देऊ नका."

"पिवळी नाही दिली तर किडनी?"

"बहुतेक जाईल. दोन्ही वाचवायला गेलात तर दोन्ही जातील."

फोन ठेवला. माझ्या कमरेवर वीतभर व्रण आहे, थंडीत अजून ठणकतो. मला भयंकर वाईट वाटलं आणि राग आला. कुणावर, ते कळत नव्हतं.

घरी आले तर आई देव्हाऱ्यापुढे आडवी उभी. भांडायला माझ्याकडे वेळ नव्हता.

"डॉक्टर म्हणाले, पिवळी बंदच ठेवा," मी सांगितलं.

तिनं मान वर केली. "बंद ठेवा म्हणाले?"

"व्हय. नुसती पांढरी द्यायची."

ती बाईकडे वळली. मग म्हणाली, "पिवळी बाईची. पांढरी डॉक्टरची. असं चालंल."

माझ्या भावाच्या जिवाचा असा भाजीबाजारातल्यासारखा सौदा झाला, आणि मी तो मुकाट्यानं मान्य केला. आईनंच टाकापुढे पदर पसरून माफी मागितली, पांढऱ्या गोळीची बाटली उचलली, आणि लेकाच्या जिभेवर स्वतःच्या हातानं गोळी ठेवली.

रघुवीरनं पाणी गिळलं. "पिवळीबी दे आक्का," तो म्हणाला.

"ती नको म्हणालेत."

"मग तुझी किडनी जाईल की गं."

सगळं ठाऊक होतं त्याला. आईसाठी गोळ्या सोडल्या आणि माझ्यासाठी आता मागत होता.

शेजारच्या मारुतीरावांनी तंबाखू वाहायची जीप काढली. मागं गादी टाकून त्याला निजवलं, मी त्याच्या उशाशी बसले. संकेश्वरच्या पुढं रस्ता खराब होता. खड्डा आला की रघुवीर ओटीपोटावर उजवीकडं हात दाबून धरायचा, जिथं डॉक्टरांनी ती बसवली होती. अंगभर फोड फुटत होते, घशाला कोरड पडली होती, आणि हा माझी किडनी सांभाळत होता.

मी त्याचा हात तिथून सोडवला आणि माझ्या हातात घेतला.

"तिला सोड रघू," मी म्हटलं. "मला धर."

त्यानं थोडा वेळ हात सैल ठेवला. मग पुढच्या खड्ड्याला त्याची बोटं माझ्या हातावर घट्ट मिटली.