सुट्टीची नखं

बहियाने नख उलटं धरलं आणि श्वास रोखला. ते अजून कुणाच्या बोटावर बसलेलं नव्हतं. काडीच्या टोकाला मेणाच्या गोळीने चिकटवलेलं, फिकट गुलाबी, तयार छापील नख होतं ते. त्याच्यावरची बारीक सोनेरी डहाळी कैरोच्या कारखान्यातूनच आली होती. त्या डहाळीवर बहियाने पारदर्शक जेलचा एक थेंब सोडला होता आणि तो आता आपल्याच वजनाने मधोमध गोळा होत होता. सुलटं धरलं की जेल कडांना पळतं. उलटं धरलं की नखाच्या पाठीवर मनासारखा फुगवटा येतो. तो आला तसा तिने काडी अलगद जेल वाळवायच्या दिव्याखाली सरकवली.

छापील नख दिसायला सोपं, पण त्याचे नखरे फार. घासावं तर डहाळी जाते, स्पिरिटने पुसावं तर पसरते. आधी एक पातळ हात देऊन तो पक्का वाळवायचा, मग वरचा जाड थर. घाई करणाऱ्याचं हे काम नाही, आणि बहियाला आज घाई नव्हती. दुपारची वेळ, दुम्यात शहरातली ती गल्ली जेवून सुस्तावलेली, आणि दुकानात गिऱ्हाईक म्हणून एकटी रद्वा.

“मला एक कळत नाही,” बहिया म्हणाली, “हे काडीवर कशाला करायला लावलंस? दर वेळी आपण बोटावर चिकटवतो आणि मग वरून थर देतो. ते कसं हाडासारखं बसतं.”

“या वेळी हाडासारखं नको, ताई.”

“मग कसं हवं?”

“चिकटपट्टीवर लाव. निघायला हवं. आणि काढून परत लावता यायला हवं.”

“परत म्हणजे किती वेळा?”

रद्वाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“दिवसातून चार-पाच वेळा,” ती म्हणाली.

बहियाचा हात दिव्याच्या बटणावरच राहिला.

दुम्यातमध्ये बायकांची नखं बायकाच वाचतात. नखावर रंग किंवा जेल असेल तर नमाजाआधी हातपाय धुतात त्या वजूचं पाणी खऱ्या नखाला लागत नाही, आणि वजू नाही तर नमाज नाही. म्हणून नमाज पढणारी बाई नखांची हौस करते ती महिन्याच्या त्या दिवसांत, जेव्हा तिला नमाजाला तशीही सुट्टी असते. बहियाचा निम्मा धंदा या सुट्टीवर चालतो. कुणाची सुट्टी कधी असते हे तिला त्या बायकांच्या नवऱ्यांपेक्षा नेमकं ठाऊक. आणि एखाद्या नवीन लग्न झालेल्या मुलीची नखं महिना उलटूनही कोरी दिसली, की गल्लीतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसतात.

आता जिला खरोखर सुट्टी आहे, ती कशाला दिवसातून पाच वेळा नखं काढून ठेवील?

बहिया उठली, ॲसिटोनच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं, दाराची दोन्ही कवाडं उघडली आणि पंख्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं. मग रद्वाची खुर्ची, रद्वा बसलेली असतानाच, दाराजवळ ओढायला लागली.

“अगं, उठते ना मी!”

“बस गप. कितवा?”

रद्वाचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. “दुसरा संपत आलाय.”

“हातिमला ठाऊक आहे?”

“त्याला आहे. आईंना नाही. आईंना कळता कामा नये, ताई. तुला तुझ्या मुलांची शपथ.”

आई म्हणजे तिची सासू, उम्म हातिम, हातिमची आई. बाई लाखात एक. स्वतःच्या ताटातला मासा सुनेच्या ताटात वाढणारी. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. पहिल्या वेळी सुनेला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा तिने गॅलरीत उभं राहून गल्लीला सांगितलं आणि घरोघर गुलाबाचं सरबत पाठवलं. दुसऱ्या वेळी तिने फार संयम ठेवला. फक्त सगळ्या बहिणींना, मासेवालीला आणि औषधाच्या दुकानदाराला सांगितलं. दोन्ही वेळा तिसरा महिना उजाडला नाही. दुसऱ्यांदा रद्वा इस्पितळातून घरी आली, तेव्हा गल्लीतली प्रत्येक बाई येऊन तिचा हात हातात घेऊन बसली. सगळ्यांनी मायेनेच घेतला असेल. पण रद्वाला त्या प्रत्येक हाताची भीती वाटायला लागली.

“त्यांचा दोष नाही गं,” ती आता म्हणाली. “माझ्यापेक्षा त्याच जास्त रडल्या. पण या वेळी मला हे कुणाच्या डोळ्यांसमोर नको आहे. चौथा लागू दे, मग आईंनी मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं तरी चालेल. संध्याकाळची नमाज आम्ही दोघी खाली त्यांच्या खोलीत एकत्र पढतो. मी गेले नाही की त्या समजतात सुट्टी. पण नुसतं न जाऊन भागत नाही, नखं दिसली पाहिजेत ना! वर माझ्या घरात मात्र नखं काढून पढत जाईन.”

“आणि देवाला काय सांगतेस?”

“देवाशी कुठं खोटं बोलते? गल्लीशी बोलते.”

बहियाला त्या पोरीचं इतकं कौतुक वाटलं की तिने पुढच्या नखावर जेल जरा जास्तच घातलं आणि मग ते पुसून पुन्हा करावं लागलं. एकेक नख तयार होत गेलं. काडीवरून काढून, कडा बारीक कानसून, तिने रद्वाच्या बोटांना मापं लावली आणि खाली चिकटपट्ट्या लावून बसवली. दोन्ही हात पालथे धरून पाहिले. कोणी म्हणालं नसतं की ही नखं पाण्याला भितात.

तेवढ्यात शफीका केस रंगवायला आली. शफीका रद्वाच्या शेजारच्या घरात राहते, दोन्ही घरांची भिंत एक. गल्लीत काय चाललंय हे उम्म हातिमकडून जे राहून जातं, ते शफीकाकडून कळतं. तिने आत पाऊल टाकताटाकता रद्वाचे हात पाहून घेतले.

“सुट्टी का गं पोरी?” आणि मग लांबलचक, “अरेरे!”

“हो मावशी.”

“असू दे, असू दे. मन छोटं करू नकोस. पुढच्या महिन्यात देईल देव.”

रद्वाने मान खाली घातली. बहियाने शफीकाला आरशासमोर बसवलं, डोक्याला काळा रंग थापला, वर कानांपर्यंत प्लास्टिकची टोपी ओढली. जरा जास्तच खाली ओढली म्हणा.

“बहिया! माझी सून इथंच आहे ना?”

माणूस दिसायच्या आधी आवाज आत आला, आणि मागून माशांची पिशवी घेतलेली उम्म हातिम. घामाने डबडबलेली. पिशवी तिने उंबऱ्याबाहेरच ठेवली, वास लांब राहील अशी, आणि सुनेसमोर येऊन उभी राहिली.

“बघू, बघू नखं. काय केलंस हिला?”

रद्वाने बहियाकडे पाहिलं. बहियाची जीभ पुढे धावली. “असली पक्की बसवलीत काकू, की आठवडाभर हातोडी मारलीत तरी हलायची नाहीत.”

“हो?” म्हणत उम्म हातिमने सुनेचा हात धरून उजेडाकडे वळवला. आणि अनामिकेवरचं नख, सोनेरी डहाळीसकट, सुटून तिच्या हातात आलं.

रद्वाने हात झटकन मागे ओढला तशी खुर्ची करकरली.

“काय झालं गं?” शफीकाने आरशातून विचारलं.

उम्म हातिमची मूठ बंद झाली होती. एरवी तिच्या हाताला काही लागलं, की ते आधी सगळ्या गल्लीला दिसायचं.

“काय व्हायचंय!” ती टोपीतून ऐकू जावं एवढ्या मोठ्याने म्हणाली. “नखं बघतेय सूनबाईंची. या महिन्यालाही आमच्या नशिबी नखंच! शेजारणींच्या घरी पाळणे हलतात, आणि आम्ही बसलोय डहाळ्या मोजत.”

“सबुरीनं घ्या हो,” शफीका म्हणाली. तिच्या आवाजात समाधान मावत नव्हतं.

रद्वाचा चेहरा उतरला. बहियाला त्या म्हातारीचा असा राग आला की हातातला ब्रश तिने आपटलाच. पण उम्म हातिम आता खाली वाकून हळू आवाजात बहियालाच बोलत होती, “गोंद हलका आणलास की काय गं? बघ, सुटलं.” मग सुनेला म्हणाली, “जा तू, बाहेर सावलीत बाकावर बस. इथल्या वासानं माझंच डोकं चढलं. हे लावायचं झालं की बोलावते. आणि ती पिशवी उचलू नकोस, फाटलीय ती खालून.”

गोंदावर आळ गेला म्हणून रद्वाचा जीव भांड्यात पडला. उघडं बोट तिने बाहीत लपवलं आणि ती बाहेर गेली. जाताना पिशवीकडे पाहिलं. पिशवी कुठेही फाटलेली दिसत नव्हती.

उम्म हातिमने आरशाकडे पाठ केली. बहियाच्या टेबलावर मूठ उघडली आणि नख ठेवलं.

“हे नीट लाव. तिला काढता आलं पाहिजे, पण असं कुणाच्या हातात येता कामा नये.”

बहियाने वर पाहिलं.

“आणि अशा नखांचा आणखी एक डबा बनव,” उम्म हातिम म्हणाली. “नाही, दोन बनव. एक पुढच्या महिन्याला, एक त्याच्या पुढच्याला. रंग वेगवेगळे हवेत. तेच तेच बघून ती टोपीवाली शंका घेईल.”

“काकू, तुम्हाला…”

“गप. हळू बोल.” तिने मागे एक नजर टाकली. शफीका रंगाखाली डोळे मिटून बसली होती. “तिला एक सांग. तुझंच म्हणून सांग, माझं नाव काढू नकोस. पहाटे वजू करते तेव्हा नळ हळू सोडायचा. पाइप माझ्या उशाशी आहे, ते जाऊ दे. पण त्याच भिंतीला पलीकडून शफीकाचा पलंग लागलाय.”

या बाईने सरबत वाटलं होतं तेव्हा बहियाच्या घरीही एक पेला आला होता.

“कधीपासून माहीत आहे?”

“सुट्टी आहे म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हातिम मशिदीत गेल्यावर वर नळ वाजला. तेव्हापासून.”

“आणि कुणाला म्हणजे कुणाला बोलला नाहीत?”

“बहिणींनासुद्धा नाही.” उम्म हातिमने ओढणीने डोळे टिपले आणि मग एकदम लहान मुलीसारखी हसली. “तोंडात फोड आलेत गं माझ्या.”

“मग तिला तरी सांगा. तिला केवढा धीर येईल!”

“मला कळलंय हे कळलं, तर धीर येईल की झोप उडेल?”

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं.

“माझ्या तोंडाला भिते ती,” उम्म हातिम म्हणाली. “भिऊ दे. तिला वाटतंय ना की कुणाला ठाऊक नाही, मग ती शांत झोपते. झोपू दे तिला.” तिने ओढणी सारखी केली, घसा खाकरला, आणि दाराकडे वळताना पुन्हा तिचा नेहमीचा आवाज लागला. “ये गं महाराणी, आत ये! लावून घे तुझं ते नख. मी पुढे होते, मासे खराब व्हायच्या आत!”

रद्वा येऊन बसली. बहियाने तिचं बोट पुसलं, नवी चिकटपट्टी लावली, नख बसवलं आणि वरून अंगठ्याने बराच वेळ दाबून धरलं. त्या थंड बोटावरून तिला हात काढवेना.

“एक लक्षात ठेव,” ती म्हणाली. “पहाटे नळ हळू सोडत जा. जोराच्या पाण्याने आवाज... म्हणजे, कडा सुटतात.”

“नखं तर मी आधीच काढून ठेवणार ना.”

“तरी. बोटं जास्त भिजली की पट्टी धरत नाही.”

“बरं,” रद्वा म्हणाली आणि शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

समोरच्या भट्टीपाशी उम्म हातिम थांबली होती. भाकऱ्यांच्या रांगेतल्या बायकांनी काही विचारलं असावं, कारण तिचा आवाज रस्ता ओलांडून दुकानात आला. “कुठलं गं बाई! काही नाही, काही नाही! आत्ताच नखं करून बसलीय. विचारू नका मला, माझं काळीज जळतं!” रांगेतून चुकचुकण्याचे आवाज आले. उम्म हातिमने आणखी दोन उसासे टाकले आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

रद्वाने ते सगळं ऐकलं. मग बहियाच्या कानाशी आली, आणि तिच्या चेहऱ्यावर या दुपारी पहिल्यांदाच निखळ आनंद होता.

“बघ ताई,” ती कुजबुजली, “अजिबात पत्ता लागलेला नाही त्यांना.”

“नाही गं,” बहिया म्हणाली. “त्यांना कुठला लागतोय.”