दगडावर दगड

विठाबाईंच्या घरात दगडावर दगड ठेवायचा नाही, असा कायदाच होता. चटणी वाटून झाली की वरवंटासुद्धा पाट्यावर नाही, शेजारी जमिनीवर ठेवायचा. सास्तूरच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतीखाली त्यांची धाकटी बहीण गेली, तेव्हापासूनचा हा कायदा. लेक बुद्धघोष त्यातच लहानाचा मोठा झाला.

तरी गडी विसरला! वायरमनची नोकरी करणाऱ्या या माणसाला खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचं खूळ लागलं होतं. गावात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हा मीठ कालवून घरात समुद्र करत होता. पुण्याहून मागवलेले भोकाभोकांचे पांढरे खडक त्यानं घासले, पिंपातल्या खाऱ्या पाण्यात मुरत ठेवले. त्यांचा कुजका वास अख्ख्या गल्लीनं सोसला. अखेर वास गेला, पाणी निवळलं, तशी त्यानं रिकाम्या काचेच्या टाकीत खडकांची उतरंड रचली, माशांना लपायला कपार ठेवली आणि हौसेनं आईला हाक मारली.

विठाबाईंनी एकदा पाहिलं. वळकटी उचलून त्या अंगणात गेल्या.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. लाजही वाटली. "काय होत न्हाय गं आई," म्हणत त्यानं लाख समजावलं, पण ऐकतील त्या विठाबाई कसल्या! डासांत झोपल्या, आत आल्या नाहीत. शेवटी त्यानं खडक बाहेर काढले आणि ड्रिल घेऊन आईसमोरच बसला.

"सळई घालतूस का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. पर लोखंडाची न्हाय, खाऱ्या पाण्यात गंजंल. ही फायबरची हाय."

"मग आरपार घाल. भूकंपानंतरच्या नव्या घरांना घातल्यात तशी."

त्यानं प्रत्येक खडकाला भोक पाडून सळ्या आरपार ओवल्या, सांधे चिकटवले. सगळं वाळल्यावर विठाबाई उठल्या. पदर खोचून त्यांनी ती उतरंड दोन्ही हातांनी धरली आणि चिंचेची फांदी हलवावी तशी गदागदा हलवली. उतरंड हलली ती सगळी एकदम. एक खडा निखळला नाही.

"तवा असली भिंत पायजे हुती रं," म्हणून त्या मटकन खाली बसल्या आणि रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "वळकटी आत ने माजी."

बुद्धघोषचा जीव भांड्यात पडला.

सकाळी तो चहाला स्वयंपाकघरात गेला. चटणी वाटून झाली होती. पाटा धुऊन ठेवलेला होता, आणि वरवंटा पाट्यावर होता.