माझ्या रुळांवर कोणी मरत नाही

मित्रांनो, मी एक जुना सराव-संगणक आहे. सिग्नल शिकवणाऱ्या शाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझं बस्तान आहे. माझ्या पडद्यावर एक स्टेशन आहे. चार रूळ, थोडे सिग्नल आणि लाल रेघ होऊन सरकणाऱ्या गाड्या. यातलं खरं काहीच नाही, तरी शिकाऊ मंडळींना माझ्यासमोर घाम फुटतो आणि मला ते फार आवडतं.

मला घडवलं ते इथल्या सरांनी. त्यांची उभी हयात खऱ्या स्टेशनवर गेलेली. "चुका करायच्या त्या इथं करा, तिथं नको," म्हणत त्यांनी माझ्या उजव्या कोपऱ्यात एक बटण बसवलं, 'पुन्हा'. गाड्या आदळल्या की ते दाबायचं. गाड्या मुकाट्याने आपापल्या जागी परत! "ठोकलीस? चल, चहा घेऊ, तोवर हा मेलेल्यांना उठवतो," अशी चेष्टा चालायची. मीही कौतुकाने फुगायचो.

त्या सगळ्यांत चिमणी हुशार. अंगाने एवढीशी, म्हणून हे नाव. तिचा हात असा चालायचा की सरही खुर्ची ओढून बघत बसायचे. ती पहिली आली आणि मोठ्या स्टेशनवर रुजू झाली.

तिथे एका सकाळी सिग्नल बिघडला. अशा वेळी खास परवानगी देऊन गाडी आत घेतात, पण त्याआधी माणूस पाठवून रूळ रिकामा असल्याची खात्री करायची असते. चिमणीने नुसतं पॅनेलकडे, म्हणजे रुळांचे दिवे दाखवणाऱ्या फळीकडे पाहिलं. त्या रुळाचा लाल दिवा लागलेला नव्हता. दिवा नाही म्हणजे गाडी नाही, हे ती माझ्यापाशी शिकली होती, कारण माझ्या जगात पडद्याबाहेर काही नसतंच. खऱ्या रुळावर मात्र गंज चढला होता. त्यामुळे चाकांचा रुळाशी विजेचा संपर्क झाला नाही, आणि त्यावर उभं असलेलं इंजिन पॅनेलला कळलंच नाही. चिमणीने परवानगी दिली, मालगाडी आत आली आणि त्या इंजिनावर आदळली. तिचा चालक जागीच गेला. आवाज ऐकताच चिमणीचा हात उजव्या कोपऱ्याकडे धावला. तिथे चहाचा कप होता.

चौकशी झाली, ठपका आला, पॅनेल सुटलं. मग दुपारी वर्ग जेवायला गेला की ती माझ्यासमोर येऊन बसू लागली. तीच सकाळ माझ्यात भरायची, रूळ बघायला माणूस पाठवायची, गाडी बाहेरच थांबवायची. चालक वाचायचा. लगेच 'पुन्हा'. तिचा चेहरा बघून मला, यंत्र असून, भीती वाटायची.

एकदा सर दारात उभे राहिले. "किती वेळा वाचवशील गं त्याला?"

"वाचतोय ना, सर."

"इथं वाचतोय, पोरी." सर शेजारी बसले. "उद्यापासून वर्ग घे."

"मी? कोणत्या तोंडाने शिकवू?"

"ह्याच."

आता चिमणी शिकवते. तिचा एक नियम आहे. प्रत्येक गाडीला चालक द्यायचा, आणि तो आपल्या घरचा. मंडळी मला सांगतात, चालक माझा मामा, चालक माझी धाकटी बहीण. परवा एका दांडग्या गड्याने चालक म्हणून आई घातली आणि गाडी ठोकली. बटणावर बोट ठेवून तो तसाच थिजला.

"दाब," चिमणी हळूच म्हणाली. "इथं दाबता येतं."

म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यावर विसंबू नका. खुर्चीतून उठा, बाहेर जा, रूळ डोळ्यांनी पाहा.

चिमणी ती सकाळ आता उघडत नाही, पण ती माझ्यात तशीच आहे. खोलीत कोणी नसलं की मी ती आपणहून चालवतो. गाडी थांबते, चालक वाचतो. मग तो घरी जायला निघतो, आणि माझे रूळ तर स्टेशनापाशीच संपतात.