विहिरीची साक्ष

"बाई, तुमच्या चर्चात साक्ष देत्यात न्हवं? मग आमच्या हिरीची बी द्या. एवढं कराच."

कौशल्याचे हे शब्द उल्काताईंच्या कानातून जायला तयार नव्हते. कौशल्या स्वतः दम्याने गेली, त्याला वर्ष होत आलं. धायरीच्या पलीकडे, कचरा डेपोच्या उताराला तिचं घर. चर्चतर्फे औषधं वाटायला उल्काताई चार वर्षं दर शनिवारी तिथे जात. विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "देते हो," असं तेव्हा त्या म्हणून बसल्या होत्या.

आता डेपो आणखी वाढवायचा घाट होता. त्याची सुनावणी बुधवारी. दोनदा पुढे ढकललेली, ही शेवटची. वस्तीतला कोणी बोलला की त्याच्या आळीचा टँकर बंद व्हायचा. म्हणून बाहेरचं, पण पाहिलेलं माणूस हवं होतं. कोणीच बोललं नाही, तर 'हरकत नाही' अशी नोंद होऊन काम सुरू.

रविवारी उपासना संपल्यावर त्या उभ्या राहिल्या. आवाज मुळातच बारीक.

"बुधवारी साक्ष द्यायला माझ्याबरोबर कोण येईल?"

अकरा हात वर झाले, प्रभूने केलेल्या उपकारांची साक्ष मंडळींपुढे द्यायला. कुणाचा गुडघा प्रार्थनेने बरा झाला होता, कुणाच्या नातवाला व्हिसा मिळाला होता. उल्काताईंना भरून आलं.

"साडेदहाला, डेपोच्या सुनावणीला," त्या म्हणाल्या.

"अगंबाई, ती साक्ष होय!" मागून कोणीतरी पुटपुटलं. हात एकेक करून खाली आले. काही जाता जाता डोक्यावरचा पदर सारखा करत.

मंडळीतले जुने पंच रंगनाथराव हसले. "उल्काताई, प्रभूने आपल्याला आत्मे राखायला सांगितलंय, उकिरडे नव्हे."

"उकिरडा आपलाच आहे हो. परवाच्या प्रीतिभोजनाच्या थर्माकोलच्या ताटल्या तिकडेच गेल्या."

"मग पुढच्या वेळी केळीची पानं आणू. झालं?"

उल्काताई पिशवी उचलून दाराकडे वळल्या. वाद घालायची ताकदच उरली नव्हती.

बुधवारी सकाळी नेमाप्रमाणे त्या प्रार्थनेला बसल्या. उपवासकाळ चालू होता, पोटात नुसतं पाणी. शब्द सुचेनात. "प्रभू, मी दमले," एवढंच म्हणून झालं. दुसऱ्या कुणाला तरी पाठव, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

मग भिंतीला धरून उठल्या, धुवट साडी नेसल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि कठड्याचा आधार घेत एकेक पायरी उतरू लागल्या.