न्यायाधीशांचे वडील

पुण्यात सत्काराला माणूस कमी पडला, की शाल आणि नारळ स्वतःच माणूस शोधत निघतात. त्या रविवारी ते धायरीत रामदासांपर्यंत पोहोचले. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेल्या या माणसाचा हा पहिलाच सत्कार, त्यामुळे घरी आल्यावरही शाल अंगावरून उतरेना.

"न्यायाधीशांचे वडील म्हणून ज्येष्ठांच्या संघानं बोलावलं," ते लेकीला म्हणाले.

"शाल कुणी घातली, बाबा?"

"रतन बिल्डरनं. पाया पडला माझ्या."

आम्रपाली ताडकन उठली. रतनवरचा दावा तिच्याच कोर्टात होता आणि निकाल उद्या होता. पाडलेल्या घराच्या बदल्यात कबूल केलेला फ्लॅट मिळावा म्हणून रझिया शेख वर्षानुवर्षं खेटे घालत होत्या.

"शाल कोण घालणार, ते तरी आधी विचारायचं!"

"सत्काराला गेलेला माणूस चौकशी करतो का? आणि सत्कार माझा झाला, तुझा नाही."

ती घरभर येरझाऱ्या घालत राहिली. निकाल लिहून तयार होता, तोही रतनच्या विरुद्ध. देऊन टाकला तर कोण बोट दाखवणार? मग तिला स्वतःचाच संताप आला. निकाल कुणाकडे झुकतो ते बघून प्रकरण सोडायचं की नाही ठरवायचं, तर ती शिस्त कसली?

सोमवारी तिने भर कोर्टात सत्काराची हकिगत सांगितली आणि प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्यावं म्हणून प्रधान जिल्हा न्यायाधीशांना कळवलं.

रझियाबी उठल्या. "मॅडम, माझा भरवसा तुमच्यावर आहे. आता पुन्हा कुणापुढे उभी राहू?"

आम्रपालीने पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. रतन मात्र हसत बाहेर पडला. त्याला वेळच हवा होता. ते हसू दिवसभर तिच्या डोक्यातून गेलं नाही.

संध्याकाळी रामदासांनी सगळं ऐकलं. "निकाल त्या बाईच्या बाजूनं होता ना?"

"ते विचारायचं नाही."

"बापानंही नाही?"

"बापानं तर मुळीच नाही."

रामदासांनी शाल हातात घेतली. मग शालीची घडी घालून त्यांनी ती पिशवीत कोंबली आणि चपला चढवल्या.

"रतनकडे जाऊ नका, बाबा."

"कशाला जाऊ? संघात देऊन येतो. सांगतो त्यांना, न्यायाधीशांच्या वडिलांना पुन्हा बोलवू नका. रामदास कंडक्टरला बोलवायचं असेल, तर येईन."