शनीच्या चंद्रावरचा काळा डाग

शनिवार होता. शिरूर अनंतपाळात विरूपाक्ष महाराजांच्या खोलीबाहेर तेलाच्या बाटल्या घेऊन माणसं दाटली होती. दारावर वर्तमानपत्रातलं चित्र चौकटीत बसवून टांगलेलं: शनीचा दूरचा चंद्र टायटन, आणि त्यावर काळाकुट्ट डाग.

"शनीकडं धाडलेल्या यानानं आत्ता बघितलं," महाराज सांगत, "आम्ही तर कवापासून बघून राहिलो! शनिदेवाच्या नजरेनं जळालेली जागा हाय ती."

केवळाबाई लेकीला, शिवांगीला, घेऊन आत गेली. तेरा वर्षांपूर्वीच्या भूकंपात तिचं घर गेलं, धाकटी जाऊ गेली. अजून भांडं पडलं तरी ती अंगणात पळे. आणि आता शिवांगीला लातूरच्या क्लासला प्रवेश मिळाला होता.

आत अंधार. पुढ्यात एक काळी, खडबडीत शिळा. महाराजांनी केवळाबाईच्या खांद्यापाशी बॅटरी धरली आणि तिनं आणलेलं तेल शिळेवर ओतलं. पिवळं तेल आपसूक पसरलं, अन् हुबेहूब चित्रातला काळा डाग उमटला.

"बाई, लातूरची जमीन पुन्यांदा हालणार. पोरगी घरीच ठिव."

"चल माय," केवळाबाईनं लेकीचा हात धरला. "न्हाई जायचं लातूरला."

शिवांगीनं महाराजांच्या हातातली बॅटरी घेतली.

"अगं ए! देवाची वस्तू हाय ती!"

"सेल तर बाजारातलेच हायेत, महाराज."

शिळेच्या पलीकडं जाऊन तिनं उजेड शिळेवर, आईच्या दिशेनं तिरपा टाकला. काळा डाग लखलखून उठला.

"शनिदेव लवकर राजी झाले गं," दारातून रांगेतली धुरपताबाई म्हणाली.

"खडबडीत दगड उजेड चहूकडं उधळतो, थोडा आपल्याकडंबी येतो. गुळगुळीत तेल सगळा पलीकडं धाडतं, म्हणून बॅटरीच्या बाजूनं ते काळं दिसतं," शिवांगी म्हणाली. "त्या चंद्रावर दाट धुकं हाय. म्हणून यान रडारच्या लहरी तिरप्या सोडतं, परत येतील त्या टिपतं. डागावरून त्या परतल्याच न्हाईत. जळालेलं काई न्हाई तिथं, गारठून पातळ झालेल्या वायूचं तळं हाय."

"आन् चित्रातल्यावानी आकार?" धुरपताबाईनं विचारलं.

"दगडच छिन्नीनं तसा खोलगट केलाय. चाचपून बघा."

सगळ्यांनी चाचपलं. महाराजांना नेमकी तेव्हाच उदगीरची एसटी आठवली.

"पर भूकंप?" केवळाबाईनं विचारलं.

"कवा येईल, मला न्हाई ठाऊक आई. त्यांनाबी न्हाई."

केवळाबाईची भीती खरी होती. पण भीती खरी असली, म्हणून ती दाखवणारा खरा ठरत नाही. त्यानं बसवलं तिथूनच बघायची सक्ती कुणावर नसते. उठावं, दुसऱ्या बाजूला जावं, विचारावं.

केवळाबाईनं तेलाचा हात पदराला पुसला.

"तुझ्या क्लासची इमारत पक्की हाय का गं? चल, बघून येऊ."