पाच पिनांची गाडी

इमारतीत विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जर बसवायचं ठरल्यापासून तो बसेपर्यंत अकरा महिने गेले, आणि या अकरा महिन्यांत समितीनं एकही गोष्ट चर्चेशिवाय केली नाही. चार्जरवरच्या छपराचा रंग हिरवा की निळा यावर तीन सभा झाल्या. शेजारी बाक ठेवला तर गाडी नसलेल्यांनी त्यावर बसावं का, यावर एक. फीत कोण कापणार यावर दोन, आणि त्यातल्या दुसऱ्या सभेत दोघं जण सभात्याग करून जिन्यात जाऊन बसले. ज्या गाडीला चार्जर लावायचा ती मात्र खालीच उभी होती. तेवढा जिना उतरून ती बघून यावी, असं कुणाला सुचलं नाही.

विजेवरची गाडी इमारतीत एकच होती, चौथ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाईंची. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती वापरलेली, जुन्या बनावटीची गाडी घेतली, आणि ती काही हौस म्हणून घेतली नव्हती. त्यांचे यजमान पन्नास किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात होते. त्या रस्त्याला बस नाही, आणि भाड्याची गाडी जायला मिळते, यायला मिळत नाही. यजमानांची आठवण विरत चालली होती. बाई दर रविवारी जात, म्हणून ते त्यांना ओळखत. एकदा तापामुळे बाईंचा रविवार चुकला, तर पुढचे दोन रविवार ते 'आपण कोण?' असं अगदी अदबीनं विचारत राहिले. त्यानंतर बाईंनी रविवार चुकवला नव्हता.

हे सगळं ठाऊक असलेला माणूस म्हणजे इमारतीचा वायरमन. त्याला नाव होतं, पण वीस वर्षांत ते वापरायची गरज कुणाला पडली नव्हती. बाईंची गाडी तो पंपाच्या खोलीतल्या साध्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर, गाडीबरोबर आलेल्या वायरीनं चार्ज करून द्यायचा. दहा-बारा तास लागत, पण काम होई.

तीन महिन्यांनी चार्जरच्या कंपनीशी बोलणी सुरू झाली तेव्हा बाईंनी समितीला दाखवायला त्याच्या हातात एक कागद दिला. गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाचं चित्र होतं ते, पेन्सिलीनं, अगदी मापात. वर दोन जाड पिना, बाजूंना दोन बारीक, खाली मधोमध एक. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'चार्जर याला बसतो का, ते आधी पाहावे.'

वायरमन तो कागद खिशात घालून सभेला गेला. टेबलावर चार्जरचं माहितीपत्रक पडलं होतं. त्यातल्या गनला, म्हणजे गाडीत खुपसायच्या टोकाला, सात भोकं होती. पाच आणि सात हा हिशोब त्याला जमत होता, म्हणून तो उठला.

"साहेब, गाडीचं तोंड वेगळं आहे. प्रत्येक गाडीला प्रत्येक गन बसत नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "इलेक्ट्रिक म्हणजे इलेक्ट्रिक. उद्या म्हणशील, पंख्याची वीज वेगळी आणि मिक्सरची वेगळी. तू खड्डा खण आणि केबल टाक. डोकं चालवायला आम्ही बसलोय."

सगळे हसले. वायरमन खाली बसला आणि कागद खिशातच राहिला.

त्याच वेळी कागद टेबलावर आपटला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण वायरमनला राग आला होता, आणि गरीब माणसाचा राग फार टिकाऊ असतो. त्यानं मनाशी ठरवलं, आता एक शब्द बोलायचा नाही. उद्घाटनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, गन अध्यक्षांच्याच हातात असेल. मग बघू कोणाचं डोकं चालतं. पुढचे आठ महिने त्यानं खड्डा खणला, केबल टाकली, छपराला निळा रंग दिला, आणि तोंडातून ब्र काढला नाही. इतकं मन लावून त्यानं आयुष्यात दुसरं काम केलं नसेल.

उद्घाटन शनिवारी सकाळी होतं. बाईंना समितीचं पत्र गेलं, 'गाडी रिकामी करून आणावी, म्हणजे ती भरताना सदस्यांना दिसेल.' बाई शिस्तीच्या. शुक्रवारी त्या उगाचच गावभर फिरल्या आणि गाडीत पाच-सहा किलोमीटरपुरता जीव ठेवून परत आल्या.

फीत कापली गेली. अध्यक्षांनी गन उचलली आणि गाडीच्या तोंडाला लावली. बसेना. उलटी करून लावली. बसेना. खजिनदार म्हणाले, नवीन आहे, जरा तेल सोडा. सेक्रेटरींनी बाईंना विचारलं, गाडी लॉक तर नाही ना. पंपाच्या खोलीच्या दारात वायरमन तोंडावर रुमाल धरून उभा होता. आठ महिन्यांचं सार्थक झालं होतं.

कंपनीला फोन लावला. कंपनी म्हणाली, मधे जोडायचा अडॅप्टर मिळतो, पण सहा आठवडे लागतील, आणि बाहेरचा लावलात तर वॉरंटी गेली.

अध्यक्षांनी फोन ठेवला. फजिती झालेला माणूस गप्प बसेल, हा वायरमनचा अंदाज साफ चुकला.

"चार्जर ठरावाप्रमाणेच आलेला आहे," अध्यक्ष म्हणाले. "गाडी ठरावाप्रमाणे नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, पण त्या अंगणाच्या बाजूनं एकदम आठ हात वर झाले.

"आणि अधिकृत सोय झालेली असल्यामुळे पंपाच्या खोलीतला सॉकेट आजपासून बंद. वायरमन, काढ तो. आत्ताच."

वायरमननं रुमाल खिशात घातला आणि स्क्रूड्रायव्हर काढला. दोन स्क्रू, तीन वायरी, वर चिकटपट्टी. दुसऱ्याला अपशकुन करायला लोक स्वतःचं नाक कापतात. त्यानं बाईंचं कापलं होतं.

मंडळी चहाला वर गेली. बाई गाडीपाशीच थांबल्या होत्या.

"माझंच चित्र नीट आलं नसेल का हो?" त्यांनी विचारलं. "समितीला कळलं नसेल."

याच्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वायरमननं पाकिटातून घडी पडलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

"मी दिलाच नाही."

"विसरलात?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. "नाही, बाई. मला अध्यक्षांची फजिती बघायची होती."

बाईंनी कागद उलगडला, पुन्हा त्याची घडी केली.

"झाली का बघून?"

"हो."

"मग उद्याचं बोला."

वायरमनचं घर मागच्या दुसऱ्या गल्लीत, तळमजल्यावर. पंधरा अँपियरचा सॉकेट घरात एकच, स्वयंपाकघरात, फ्रीजचा. दुपारपर्यंत फ्रीजची पिन बाहेर आली होती आणि बाईंच्या गाडीची वायर खिडकीतून आत. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि दुधाचं पातेलं उचललं.

"बोलायचं तिथं तुम्ही आठ महिने गप्प," ती म्हणाली, "आणि दूध ठेवायला शेजारी जायचं मी."

रविवारी सकाळी गाडी भरली होती. बाई गेल्या. वायरमननं दिवसभरात चार वेळा जेवायला बसून पाहिलं. संध्याकाळी गाडी दारात आली तेव्हा तो हातातला घास तसाच ठेवून उठला.

"ओळखलं?"

"ओळखलं," बाई म्हणाल्या. "चार्जर कसा आहे, विचारत होते."

त्यांनी पर्समधून तोच कागद काढला. "हा अध्यक्षांना द्या. सॉकेट परत जोडायची परवानगी मागा. या वेळी मात्र द्या."

वायरमननं कागद उघडला. चित्र होतं तसंच होतं. खाली बाईंनी एक ओळ वाढवली होती, त्याच वळणदार अक्षरात: 'वायरमन यांच्याकडे दिले.' आणि पुढे तारीख, आठ महिन्यांपूर्वीची.

त्यानं ती ओळ दोनदा वाचली. मग हात धुतले, चप्पल घातली आणि अध्यक्षांच्या दाराची बेल दाबली.